उन्हाळ्यात उरकलेले शरीरशास्त्र

दरवर्षी चैत्राच्या सुमारास, अमेरिकेतील महाविद्यालयांची प्रवेशपत्रे घरोघर पोचली म्हणजे, न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या मराठी आईबापांची पत्रे मजकडे येऊ लागतात; आणि त्यांचा मजकूर अलीकडे इतका एकसारखा झाला आहे की पाकीट फोडण्यापूर्वीच मी उत्तर लिहावयास घ्यावे. कन्येने परिचारिका होण्याचे ठरविले आहे, नर्सिंगच्या मुख्य अभ्यासक्रमाआधी काही पूर्वावश्यक विषय पुरे करावे लागतात असे कळते, तर ते सारे 'क्लेप'च्या परीक्षा देऊन एका उन्हाळ्यातच उरकता येणार नाहीत काय?

हा मोह अगदीच अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. कॉलेज बोर्डाने १९६७ पासून चालविलेल्या या परीक्षांपैकी बहुतेक दीड तासाच्या असतात. गुणांची पट्टी २० ते ८० अशी असून बहुसंख्य विषयांत ५० गुणांना श्रेयांक द्यावेत अशी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस आहे. आणि शुल्क शंभर डॉलरच्या आसपास, म्हणजे विद्यापीठात तोच विषय शिकण्याच्या खर्चापुढे नगण्यच. इंग्रजी लेखन, मानसशास्त्र, समाजशास्त्र, मानवी वाढ व विकास, बीजगणित यांच्या परीक्षा त्यात आहेत. संख्याशास्त्राची नाही, पण ती मूळ सैनिकांसाठी निघालेल्या 'डीएसएसटी' परीक्षांत सापडते. महाविद्यालयाची मुभा असेल तर यांतील एखाददुसरी अवश्य द्यावी.

परंतु परिचारिकेच्या शिक्षणाचा पाया ज्या विषयांवर उभा आहे, ते दोन सत्रांचे मानवी शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, ज्याला तिकडची मुले 'ए अँड पी' म्हणतात, आणि सूक्ष्मजीवशास्त्र, यांची क्लेप परीक्षा मुळी अस्तित्वातच नाही. जीवशास्त्राची व रसायनशास्त्राची आहे खरी; पण संगणकापुढे बसून अचूक पर्याय निवडणाऱ्या विद्यार्थिनीने सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकविलेली असतेच असे नाही, आणि नर्सिंग विभाग बहुधा प्रयोगशाळेसह केलेला विषयच मागतात. विद्यापीठाने श्रेयांक मंजूर केले म्हणजे नर्सिंग विभागानेही ते मानले, ही समजूत तर सर्वांत घातक. कारण ही दोन दारे निराळी असून दोन्हींवरचे पहारेकरी एकमेकांना विचारून दार उघडीत नाहीत.

याहून सूक्ष्म अशी एक बाब आहे, आणि पत्रलेखकांपैकी कोणाच्याच ध्यानी ती आलेली दिसत नाही. परीक्षेने मिळालेल्या श्रेयांकाला श्रेणी नसते. जेथे पूर्वावश्यक विषयांतील श्रेणींच्या सरासरीवर निवड होते, तेथे ज्या मानसशास्त्रात मुलगी वर्गात बसून सहज 'ए' मिळविती, तोच विषय परीक्षेने उरकून आपण तिच्या सरासरीतला हक्काचा आधार काढून घेतो, आणि मग तिची सारी मदार रसायनशास्त्रावर ठेवतो. (काही पालक 'टीज'लाही याच माळेत ओवतात, ती प्रवेशपरीक्षा आहे, तिने श्रेयांक मिळत नाहीत.)

आता थोडे स्पष्ट लिहितो. ही घाई मुलींची नसते. एका गृहस्थांनी कन्येला एकाच उन्हाळ्यात पाच परीक्षांना बसविले. दोन गेल्या, आणि तोच विषय पुन्हा देण्यास तीन महिन्यांची मुदत जावी लागते हे कळल्यावर त्यांनी दोष दिला तो मुलीच्या आळसाला. याच गृहस्थांना मी कम्युनिटी कॉलेज सुचविले तेव्हा, महाराष्ट्र मंडळात ते नाव उच्चारण्याच्या कल्पनेनेच त्यांना संकोच झाला. वस्तुतः तेथील दोन वर्षांची पदविका, जिच्या पूर्वावश्यक विषयांचा काळ वेगळा धरावा लागतो, तीही चार वर्षांच्या पदवीप्रमाणेच 'एनक्लेक्स-आरएन' या परीक्षेकडे नेते, आणि मिळणारा परवानाही तोच असतो. मोठी रुग्णालये पदवीधरांना झुकते माप देतात हे खरे. पण नोकरी करीत पुढे पदवी घेता येते, आणि न्यूयॉर्क राज्याने तर २०१७ साली कायदाच केला की नव्या परिचारिकेने परवान्यापासून दहा वर्षांत पदवी मिळवावी. म्हणजे पदविकेचा हा मार्ग कायद्यानेच गृहीत धरला. ज्या ए अँड पीपासून पळण्यासाठी एवढा खटाटोप, ते प्रयोगशाळेसकट, अनेक ठिकाणी संध्याकाळच्या वर्गांतही, याच महाविद्यालयांत बेताच्या खर्चात शिकावयास मिळते.

तेव्हा परीक्षेचे शुल्क भरण्याआधी नर्सिंग विभागाकडून, विषयवार, लेखी उत्तर मागवावे. ते पत्र मात्र मुलीला लिहू द्या. महाविद्यालयात दाखल झाल्या दिवसापासून तिच्या शैक्षणिक दप्तरावरचा हक्क १९७४ च्या संघीय कायद्याने तिच्याकडे जातो, आणि तिच्या संमतीवाचून तुमच्या प्रश्नांना उत्तर देण्यास तेथील कारकून बांधलेला नाही.