कोरी तबकडी आणि घरगुती चित्रमुद्रण

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे वा गावातील एखाद्या समारंभाचे चित्रण घरच्या संगणकावरून डीव्हीडीवर उतरवून घेण्याची पद्धत २००० नंतरच्या दशकात रूढ झाली. अशा तबकड्यांविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येई. पहिला तासभर चित्र सुरळीत दिसते. पारितोषिक वितरणाच्या सुमारास मात्र ते थबकते, त्याचे चौकोनी तुकडे होतात. प्लेअर बिघडला असे समजून तो दुरुस्तीस दिला जाई. पुष्कळदा खरा दोष कोऱ्या तबकडीत असे.

दुकानात मिळणारी चित्रपटाची तबकडी साच्यातून काढलेली असते. तिच्यातील सूक्ष्म खळगे प्लॅस्टिकमध्येच उमटलेले असतात. घरी मुद्रित करावयाच्या तबकडीत खळग्यांऐवजी सेंद्रिय रंगद्रव्याचा अतिशय पातळ थर आणि त्यामागे परावर्तक धातूचा थर असतो. मुद्रणयंत्रातील लेसर किरण हे रंगद्रव्य जागोजागी तापवितो व त्या खुणाच खळग्यांचे काम करतात. खुणांची ही ओळ आतून बाहेर वेढे घेत जाते. दोन वेढ्यांतील अंतर अवघे ०.७४ मायक्रोमीटर असल्याने थर असमान असला किंवा तबकडी किंचित वाकलेली असली, तरी किरणास माग काढणे कठीण होते. हे दोष बाह्य कडेकडे अधिक आढळतात आणि भरलेल्या तबकडीत कार्यक्रमाचा शेवट नेमका तेथेच येतो.

हीच तबकडी संगणकावर उघडते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. किरकोळ चुका दुरुस्त करण्याची सोय मुद्रणाच्या सांकेतिक रचनेतच आहे. चुका तिच्या आवाक्याबाहेर गेल्या, तर संगणक तोच भाग पुन्हापुन्हा वाचून पाहू शकतो. चित्र अखंड दाखविणाऱ्या प्लेअरला तेवढी उसंत नसते. पुनर्मुद्रणयोग्य तबकडी तर प्रकाशाचा फार थोडा भाग परत पाठविते; जुने प्लेअर ती ओळखतही नसत.

वेष्टनावरील नावावरून खात्री होत नसे, कारण विक्रेता एक व उत्पादक दुसराच, असा प्रकार सर्रास होता. खऱ्या उत्पादकाचा संकेत तबकडीतच आधी नोंदलेला असतो व तो संगणकावर वाचता येतो. दर्जासाठी ख्यातनाम असलेल्या जपानच्या ताइयो युदेन कंपनीने २०१५ च्या अखेरीस हे उत्पादन थांबविले. नोएडा परिसरात कारखाने असलेली मोझर बेअर ही एकेकाळी जगातील मोठ्या उत्पादकांत गणली जाई. तीही २०१८ मध्ये अवसायनात निघाली.

शाळा व ग्रामपंचायतींच्या कपाटांत त्या काळच्या तबकड्या अद्याप पडून आहेत. काही ठिकाणी गावातील दिवंगत वृद्धांचे बोल तेवढ्याच एका तबकडीवर असतील. ऊन, उष्णता व दमट हवा यांनी रंगद्रव्य आणि धातूचा थर दोन्ही खराब होतात, आणि हलक्या तबकडीत हे लवकर घडते. तेव्हा नक्कल करताना सर्वांत जुन्या व स्वस्त तबकड्या प्रथम घ्याव्यात आणि त्या हार्ड डिस्कवर दोन वेगळ्या ठिकाणी उतरवाव्यात. त्यांवर कागदी चिकटपट्टी लावलेली असल्यास ती ओढून काढू नये. सीडीमध्ये धातूचा थर लेबलाच्या लगत असतो व तो पट्टीबरोबर निघून येतो. एका यंत्राने नाकारलेली तबकडी दुसऱ्या यंत्रात, विशेषतः कमी वेगाने, वाचली जाण्याचा संभव असतो. पहिल्या अपयशानंतर ती निकामी ठरवून नोंदवहीतून कमी करू नये.