वाचायला बसावं कुठं?



वर्गात तुम्ही अक्षरे शिकलात. आता जोडाक्षरेही हळूहळू जमू लागली आहेत. पण वर्ग आठवड्यातून थोडेच तास असतो. मधल्या दिवसांत सराव केला नाही, तर शिकलेले विसरायला वेळ लागत नाही. "घरी वाचता का?" असे आम्ही विचारतो, तेव्हा पुष्कळजण म्हणतात, "गुरुजी, वाचावंसं वाटतं हो, पण बसायचं कुठं?"

प्रश्न खरा आहे. खोली एक आणि माणसं सात. एका कोपऱ्यात टीव्ही, दुसऱ्यात पोरांची भांडणं. कामाच्या जागी मुकादमाच्या हाका. म्हणून आज आपण शांत जागेचा विचार करू.

शांतता कशाला हवी?

नवा वाचक एकेक अक्षर लावून वाचतो. पुढचे अक्षर लागेपर्यंत मागचे मनात धरून ठेवावे लागते. तेवढ्यात कोणी हाक मारली, की मनातले अक्षर निसटते. मग पुन्हा पहिल्यापासून! जुना वाचक अख्खा शब्द एका नजरेत ओळखतो. त्याला गडबडीत चालून जाते, तुम्हाला अजून चालत नाही. याचा अर्थ तुमची बुद्धी कमी आहे असा नव्हे.

सगळे आवाज सारखेही नसतात. पंख्याचा किंवा पाण्याचा एकसारखा आवाज थोड्या वेळाने जाणवेनासा होतो. बोलण्याचे तसे नाही. बोललेल्याचा अर्थ आपल्याला कळतो, म्हणून मन तिकडेच धावते. ओढ्याकाठी वाचता येईल, गप्पांच्या ओट्यावर वाचता येणार नाही.

ज्यांनी जागा शोधली

डॉ. बाबासाहेब आंबेडकर शाळेत होते तेव्हा त्यांचे कुटुंब मुंबईत परळला चाळीतल्या एका खोलीत राहत असे. घरात दाटी फार. शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर गेली आणि ओळख झाली. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकरांनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्याकडून शिष्यवृत्ती मिळवण्याच्या कामीही त्यांनी मदत केली. बागेतल्या त्या जागेने अभ्यास तर दिलाच, एक गुरूही दिला.

मुंबईतच वरळीला एक रस्ता आहे. त्याचे नाव सुदाम काळू अहिरे मार्ग. पण लोक त्याला 'अभ्यास गल्ली' म्हणतात. आजूबाजूच्या चाळींतली मुले रस्त्याच्या दिव्याखाली बसून तिथे अभ्यास करीत आली. अशा जागा कोणी आयत्या दिल्या नाहीत, गरजवंतांनी त्या हेरल्या.

तुमच्या गावात पाहा

प्रत्येक जागेची शांत वेळ वेगळी असते. देवळाचा सभामंडप दुपारी रिकामा असतो, भजनाच्या वेळी नसतो. शाळेचा व्हरांडा शाळा सुटल्यावर शांत होतो. हेडमास्तरांना विचारा. चांगल्या कामाला ते सहसा नाही म्हणत नाहीत. आणि गावात वाचनालय असेल तर फारच उत्तम. आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. वाचनालय शिकलेल्या लोकांसाठीच असते असे समजू नका. ते तुमचेही आहे. आत जा, वर्तमानपत्र उघडा, मोठे मथळे वाचा. कोणी हसणार नाही.

भगिनींची अडचण वेगळी आहे. बाई एकटी वही घेऊन बाहेर बसली की लोक बोलतात. यावर उपाय म्हणजे दोघीतिघींनी मिळून जावे. मुले घरी गेल्यावर अंगणवाडीची खोली रिकामी असते. सेविकाताईंना विचारून दुपारी अर्धा तास तिथे बसता येईल. घरच्या मंडळींनीही समजून घ्यावे. तो अर्धा तास बाईने मागून घ्यावा लागू नये.

बसताना उजेड पाहा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने उजेड डाव्या बाजूने येईल असे बसावे, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. मोबाईल बंद ठेवा. उठताना जागा झाडून ठेवा, म्हणजे उद्या कोणी हटकणार नाही.

कायदा काय म्हणतो?

आवाजाबाबत सन २००० चे नियम आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला मनाई आहे. वर्षातल्या काही ठरावीक सणांच्या दिवशीच सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. दवाखाना, शाळा व न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरवता येते. आधी शेजाऱ्याला गोडीने सांगावे. नाहीच ऐकले तर पोलीस चौकीत सांगता येते.

सर्वांत महत्त्वाचे

कर्जाचा किंवा जमिनीचा कागद पुढे येतो, तेव्हा टेबलाभोवती गर्दी असते. "करा सही, लवकर करा" अशी घाई चाललेली असते. आता तुम्हाला सही येते, म्हणून धोका उलट वाढला आहे. न वाचता केलेली सही आणि अंगठा यांत फरक तो काय? तेव्हा धीटपणे म्हणा, "साहेब, जरा बाजूला बसून वाचतो, मग सही करतो." कागद घ्या, व्हरांड्यात बसा, रक्कम आणि तारीख बोट ठेवून वाचा. अडले तर भरवशाच्या माणसाला विचारा. कोणी वाचूच देईना, तर त्या दिवशी सही करू नका.

शांत जागा शोधायची ती याचसाठी. रोज अर्धा तास तिथे वाचाल, तर गर्दीतही कागद वाचायची हिंमत येईल.

अभ्यास

१. तुमच्या वस्तीतील तीन शांत जागा लिहा. प्रत्येकीची शांत वेळही लिहा.
२. बोलण्याच्या आवाजाने वाचन का मोडते?
३. सही करण्यापूर्वी कागदात काय काय पाहाल?