एक्स्चेंजचें सोंग घेणारी पेटी

घरास आग लागली असतां आपण होऊन टेलिफोन करणारीं यंत्रें असतात. त्यांची परीक्षा पाहण्यास दर वेळीं खरी तार अडवून ठेवणें परवडत नाहीं. म्हणून प्रयोगशाळेंत एक्स्चेंजचें सोंग घेणारी पेटी वापरतात. ती तारेस ४८ व्होल्टांचा दाब पुरविते, रिसीव्हर उचलतांच सूर ऐकविते व घंटाही वाजविते.

परंतु सोंग कोणत्या देशाचें, हें तिला सांगावें लागतें; आणि आमच्या मतें खरी मेख येथेंच आहे. अमेरिकेंत नंबर फिरविण्यापूर्वीं ऐकूं येणारा सूर सेकंदास ३५० व ४४० कंपनांच्या दोन सुरांचा मिळून होतो. घंटा २ सेकंद वाजून ४ सेकंद थांबते. भारतांतील सूर ४०० कंपनांचा, पण थरथरणारा. घंटा मात्र जोडीनें वाजते आणि मग २ सेकंद शांतता. अमेरिकन आंकड्यांवर उत्तीर्ण झालेलें यंत्र येथील सूर न ओळखून मुकें बसलें, तर आग कांहीं त्याच्यासाठीं थांबावयाची नाहीं!

हे आंकडे संगणकावरून पेटीस धाडतां येतात. प्रथम दोघांचा वेग एक करावा, उदाहरणार्थ सेकंदास ९६०० बिट. एरव्हीं पेटीस निरर्थक अक्षरेंच पोंचतात. नंतर सूर, घंटा व तारेंतील क्षय ठरवावा. ६ डेसिबल क्षय ठेविला असतां आवाजाचा विद्युद्दाब सुमारें निम्मा होतो, म्हणजे लांबच्या खेड्यांतील ग्राहकाची स्थिति टेबलावरच निर्माण होते. धाडलेले आंकडे पेटीकडून परत मागवून ताडून पाहावे. घंटेचा दाब ९० व्होल्टांपर्यंत चढूं शकतो. तेव्हां उघड्या तारेपासून बोटें दूर ठेवावीं.