डिपस्टिक नाकाशी

१. इंजिन चालू ठेवून तेल बघायचं असतं, हे पचायला मला वेळ लागला. आमचं शिक्षण वडिलांच्या फियाटवर झालेलं: गाडी बंद कर, जरा थांब, मग डिपस्टिक ओढ. मिशिगनमध्ये १९६७ची मस्टँग घरी आली आणि सगळे संस्कार उलटे झाले. तिच्या सी-फोर ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल इंजिन चालू असतानाच बघतात. बंद केलं की टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल खाली पॅनमध्ये उतरतं आणि लेव्हल उगाच चढलेली दिसते. फिरत्या पंख्याशेजारी बाही सावरत वाकताना वडिलांचा आवाज अजून कानात येतो, "आधी बंद कर रे ती!"

२. मला घाई नसते, असा माझा समज होता. तापलं की हे तेल फुगतं, म्हणून आधी वीसेक मिनिटं गाडी फिरवायची, सपाट जागी उभी करायची, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमधून नेऊन पुन्हा पार्कमध्ये आणायचा. आमच्या दारासमोरची जागा सपाट आहे असंही वाटायचं. पावसाचं पाणी कुठे धावतं ते एकदा पाहिलं आणि तोही समज गेला.

३. डिपस्टिकवरच्या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे जेमतेम अर्धा लिटर. मन म्हणतं, थोडं जास्तच असू दे. पाहुण्याच्या ताटात वाढावं तसा आग्रह इथे चालत नाही. जादा तेल फिरत्या भागांत घुसळलं जातं, फेसाळतं. फेसाला दाब धरता येत नाही आणि गिअर घसरायला लागतात. लांब नळीचं नरसाळं घ्यावं आणि हात आखडता ठेवावा.

४. लेव्हलपेक्षा रंग आणि वास जास्त बोलतात. लालचुटुक असेल तर निश्चिंत. तपकिरी आणि जळका वास आला तर आतले क्लच झिजताहेत. दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधल्या कूलरवाटे पाणी शिरलंय. मी डिपस्टिक नाकाशी नेतो तेव्हा बायको म्हणते, आमटी करपल्याचं मात्र यांना कधी कळलं नाही! पण नाकालाही मर्यादा आहेत. माझ्या गाडीला फोर्डचं टाइप-एफ लागतं, जनरल मोटर्सवाल्यांचं डेक्सरॉन वेगळं, आणि दोन्ही सारखीच लाल. त्या जुन्या डेक्सरॉनमध्ये म्हणे देवमाशाचं तेल असायचं. १९७०च्या दशकात ते थांबलं. आमच्या शाकाहारी आईला हे मी सांगितलेलं नाही.

५. शेजाऱ्याच्या जुन्या डॉजपाशी मी गप्प असतो. तिच्या टॉर्कफ्लाइट ट्रान्समिशनचं तेल न्यूट्रलमध्ये बघतात; पार्कमध्ये तिचा कन्व्हर्टर भरत नाही.

६. जमीन कोरडी म्हणजे गळती नाही, असं नसतं. लेव्हल उतरत होती, खाली थेंबही नव्हता, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर. इंजिन गेलं, असं मी धरूनच चाललो होतो. दोष निघाला ट्रान्समिशनच्या मागच्या बाजूला बसवलेल्या व्हॅक्यूम मॉड्युलेटरचा. त्या चपट्या डबीतला पडदा फाटला की इंजिन नळीवाटे ट्रान्समिशनचं तेल ओढतं आणि जाळून टाकतं. डबीची रबरी नळी काढून बघायची. ती आतून कोरडी हवी. डबी बदलायला तशी सोपी आहे. फक्त गाडीखाली आडवं व्हावं लागतं, आणि नंतर उठवायला मुलाला हाक मारावी लागते.