मोटारीची स्मरणशक्ती

चालकाविना धावणारी मोटार रस्ता कसा ओळखते? तिच्या टपावरील लेसरयंत्र प्रकाशाचे स्पंद सोडते आणि ते आदळून परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढते. कॅमेरे चहूबाजूंची चित्रे घेतात. उपग्रहांच्या संदेशांवरून तिला आपले स्थान कळते. वाहन चालवण्यापुरती ही माहिती क्षणभरच लागते. परंतु अपघाताचे कारण पुढे शोधता यावे, यासाठी ती साठवलीही जाते. खरा प्रश्न येथे सुरू होतो.

२००५ साली अमेरिकेत पोलिसांनी एक संशयित वापरत असलेल्या जीपखाली स्थानदर्शक यंत्र चिकटवले. वॉरंटची मुदत आधीच संपली होती. २८ दिवसांत २,००० हून अधिक पाने भरतील एवढी माहिती जमली! माणूस कोणत्या दवाखान्यात, कोणत्या सभेला, कोणत्या चर्चमध्ये जातो, हे सारे अशा नोंदींतून उलगडते. असे यंत्र लावून पाळत ठेवणे ही झडतीच होय, असा निर्णय २०१२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला.

आता यंत्र चिकटवावेच लागत नाही. ते कारखान्यातच बसवलेले असते. समजा, सेकंदाला एक नोंद होते. म्हणजे तासाला ३,६००. दिवसाचा हिशेब तुम्हीच करा. सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांनी गुन्ह्यांच्या तपासासाठी चालकविरहित मोटारींच्या चित्रफिती मागवलेल्या आहेत. गुन्हेगार सापडला तर उत्तमच. पण त्याच चित्रांत पदपथावरून जाणारी माणसेही येतात. प्रवाशाने निदान कंपनीच्या अटी मान्य केलेल्या असतात. पादचाऱ्याला कोणी विचारलेलेही नसते.