योगी अस्वलाला टाय कशाला?

चित्रपटात दर सेकंदाला २४ चित्रे पडद्यावर येतात. सात मिनिटांच्या कार्टूनला किती लागतील? १०,०८०! प्रत्येक चित्र दोनदा वापरले, तरी ५,०४०. अमेरिकेत विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा यांनी असे कष्ट घेऊन ‘टॉम अँड जेरी’ काढले. त्याला सात ऑस्कर मिळाले. तरीही १९५७ मध्ये एमजीएमने तो विभागच बंद केला.

दोघे टेलिव्हिजनकडे वळले. तिथे पैसा फारच थोडा. मग धड एकदाच रेखाटायचे आणि त्यावर ठेवलेल्या पारदर्शक पट्ट्यांवर फक्त डोके किंवा ओठ बदलायचे, अशी युक्ती त्यांनी वापरली. पण मानेपाशी जोड दिसणार! म्हणून १९५८ च्या योगी अस्वलाला कॉलर आणि टाय. हालचाल अडखळते खरी (मला जेरीच अधिक आवडतो), पण संवाद चालू असताना आपण धडाकडे पाहतो कुठे? हकलबेरी हाउंड दिसला, तर त्याचाही गळा नीट पाहा.