उंबरठा बघून गाडी घ्यावी

माझा मामा मिशिगनला असतो. गेल्या दिवाळीत त्यानं विकाऊ असलेल्या एका गाडीचे फोटो पाठवले. १९६५ ची फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबल, म्हणजे छप्पर मागं दुमडणारी. लाल रंग, पांढऱ्या सीट्स, क्रोम तर असं चकचकीत की फोटो काढणाराच त्यात दिसत होता. "अगदी जपलेली", किंमत ३१,००० डॉलर. खाली मामाचा प्रश्न, "तू मेकॅनिकलला आहेस ना? घेऊ का?"

खरं सांगायचं तर मी तोवर इंजिन फक्त लॅबमधलं, अर्धं कापलेलं पाहिलं होतं. पण मामाचे साठवलेले पैसे होते. नुसतं "मस्त आहे" म्हणून सुटका नव्हती. शेवटी एस.ओ.एम.ची वही काढली.

मित्रांनो, ड्रॉइंग शीट ठेवायची पुठ्ठ्याची नळी घ्या आणि दोन्ही हातांनी पिळून बघा. हलत नाही. आता तीच नळी ब्लेडनं लांबीत एकदा चिरा आणि परत पिळा. पुठ्ठा तोच, वजन तेच, पण आता ती ओल्या फडक्यासारखी पिळली जाते. पातळ भिंतीच्या गोल नळीसाठी हा फरक त्रिज्या भागिले जाडी, त्याचा वर्ग, गुणिले ३ इतका येतो. त्रिज्या ५० मि.मी. आणि जाडी १ मि.मी. धरा. उत्तर ७,५०० पट! परीक्षेत हे सूत्र मी घोकलं होतं, समजलं मात्र त्या दिवशी.

मस्टँगला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते. छप्पर काढलं की डबा उघडा पडतो. म्हणून फोर्डनं कन्व्हर्टिबलच्या दोन्ही दारांखालच्या लांबट पेट्या जास्त मजबूत केल्या आणि सीटखाली जादा पत्रा जोडला. छप्पर नसलेली गाडी छप्परवालीपेक्षा दीडएकशे पौंडांनी जड, ती यामुळे! या पेट्यांना रॉकर पॅनेल म्हणतात. मराठीत काय म्हणावं ते मला कळेना (कॉन्व्हेंटची कृपा). आजीनं फोटो बघितला आणि म्हणाली, "अगं, हा तर उंबरठा."

तर सगळी गाडी या दोन उंबरठ्यांवर उभी. आणि गंजतात तेच. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खारट पाणी पेटीत शिरतं आणि पत्रा आतून खातं. समोरच्या काचेखालच्या जाळीतून पाणी आणि पाला एका पोकळीत जातो, ती सडली की पाणी थेट पायाखालच्या कार्पेटवर. वरून रंग शाबूत, आत जोड सुटलेला. म्हणजे आपली चिरलेली नळीच की!

इंजिन, छपराचं कापड, सीट्स यांची मी फार चौकशी केली नाही. ते सगळं बदलून मिळतं. नंबर मात्र वाचायला सांगितला. पहिला आकडा ५ म्हणजे १९६५, मग कारखान्याचं अक्षर, मग ०८ म्हणजे कन्व्हर्टिबल. तिथे ०७ असेल तर साध्या गाडीचं छप्पर कापलेलं समजावं. दारावरची पट्टी रिव्हेटची असते, बदलता येते, म्हणून बॉनेटखाली बॉडीवर ठोकलेला नंबर जुळायला हवा. सगळ्यात पहिल्या क्रमांकाची मस्टँगही कन्व्हर्टिबलच, ५एफ०८एफ१००००१. ती १९६४ मध्ये कॅनडात चुकून एका वैमानिकाला विकली गेली आणि फोर्डनं पुढे दुसरी मस्टँग देऊन ती परत मिळवली. आज ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये आहे. मामा तिच्यासमोर तासभर उभा राहिला होता म्हणे!

मामाला मी तीन कामं दिली. काचेखालच्या जाळीत बादलीभर पाणी ओत. उंबरठ्यावरून लोहचुंबक फिरव, पुट्टीवर तो चिकटत नाही. पुढचं एक चाक जॅकवर उचल आणि दार लावून बघ.

नंबर जुळला. कार्पेट कोरडं राहिलं. डाव्या उंबरठ्यावर चुंबक वीतभर जागेत चिकटेना. चाक उचलल्यावर डावं दार वरच्या कोपऱ्यात अडकलं, लागेचना. मधून बॉडी खचली की दाराची फट वर मिटते आणि खाली रुंदावते, हे मी आकृती काढून आधीच पाठवलं होतं. विकणाऱ्या आजोबांना हे ठाऊकच नव्हतं. त्यांनीही ती तशीच, चकचकीत बघूनच घेतली होती. त्यांनी लगेच ७,००० डॉलर कमी केले.

"एवढ्यात होईल का गं दुरुस्ती?" मामानं विचारलं. मी लिहिलं, की उंबरठा कापण्याआधी दारांच्या जागी आडव्या नळ्या वेल्ड करून बॉडी सरळ धरणारा कारागीर आधी शोध. तसं न करता पत्रा जोडला तर बाक कायमचा बसेल. पैशांचं त्यालाच विचार, मला नको.

मामा सध्या कारागीर शोधतोय. गाडी अजून आजोबांच्याच गॅरेजमध्ये आहे.